सरांना ‘एकदा बोलावून समज देऊ’ म्हणण्याआधी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका लहान संस्थेच्या कार्यवाह ताईंचं हे पत्र. थोडं आखडून देत आहोत.

‘देवळाच्या सभागृहात आम्ही संध्याकाळी अभ्यासिका आणि तबला-हार्मोनियमचे वर्ग घेतो, मे महिन्यात नाट्यशिबिर असतं. मुलं सुमारे ७०, काम करणारी माणसं ११. त्यातली ३ मानधनावर, बाकी हौसेने. गेल्या वर्षी देणगीदार कंपनीने ‘चाइल्ड प्रोटेक्शन पॉलिसी’ मागितली. इंटरनेटवरून १४ पानांचा इंग्रजी मसुदा घेतला, संस्थेचं नाव घातलं, सह्या केल्या आणि फाइल कपाटात ठेवली. गेल्या आठवड्यात एका १३ वर्षांच्या मुलाच्या आईने खजिनदारांना सांगितलं, की तबल्याचे सर वर्ग सुटल्यावर मुलाला एकट्याला थांबवून घेतात, स्कूटरवरून घरी सोडतात. त्यांनी त्याला एक जुना मोबाईल दिला आहे आणि त्यावर रात्री ११ नंतर मेसेज येतात. मुलगा हल्ली वर्गाला जायला कां-कूं करतो. सर २० वर्षं आमच्याकडे आहेत, एक पैसा घेत नाहीत. कमिटीत काही जण म्हणतात, सरांना एकदा बोलावून समज देऊ, मुलालाही समोर विचारू, विषय मिटेल. काही म्हणतात, चतुर्थी तोंडावर आहे, नंतर बघू. पोलिसांकडे जावंच लागतं का? आणि ती पॉलिसी खरी कशी करायची?’

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी मुलाचं बघू, पॉलिसी नंतर. पत्र वाचून होताच तीन गोष्टी थांबवा. सरांना बोलावणं थांबवा. मुलाला कमिटीसमोर उभं करणं थांबवा. आणि ‘चतुर्थीनंतर’ हा शब्द थांबवा.

सरांना आधी बोलावलं तर काय होतं ते सांगतो. समजा, तक्रारीत तथ्य आहे. मग त्या बैठकीनंतर पहिला फोन मुलाला जातो, ‘तू आईला काय सांगितलंस?’ मेसेज पुसले जातात, दिलेला मोबाईल परत घेतला जातो, मुलावर शपथा घातल्या जातात. समजा, तथ्य नाही. तरीही सरांच्या बाजूने पुढे मांडता येईल असं काही उरत नाही, कारण कमिटीतल्या सहा-सात जणांनी मिळून चौकशी करून टाकलेली असते आणि तिच्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही. दोन्हीकडून नुकसानच.

आता कायदा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगा असो वा मुलगी. कलम १९ म्हणतं, की गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडण्याची भीती वाटत असेल, तर कोणत्याही व्यक्तीने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. पुरावा गोळा करून आणा, असं ते म्हणत नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही, तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. ही दुसरी तरतूद अध्यक्षांना वाचून दाखवा. ‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्यांचा आवाज बहुतेक तिथेच खाली येतो. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलं आहे. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे, पण ती मुद्दाम छळण्यासाठी केलेल्या तक्रारीला. मुलाने दिलेली माहिती चुकीची निघाली तरी मुलाला शिक्षा नाही.

तुमच्या पत्रात जे आहे त्याने पोलिसांकडे जावं लागतं का? उत्तर मेसेजमध्ये आहे. कलम ११ नुसार लैंगिक हेतूने मुलाशी फोनवरून वा इतर साधनाने वारंवार संपर्क ठेवणं हाच लैंगिक छळाचा गुन्हा आहे, हात लावलेला असण्याची गरज नाही. मेसेजमध्ये शरीराबद्दल बोलणं असेल, फोटो मागितलेले असतील, ‘हे आपल्या दोघांत’ असं काही असेल, तर आजच पोलीस. उद्या नाही. मेसेज ‘उद्या ५ ला ये, कायदा पक्का कर’ (इथे कायदा म्हणजे तबल्यातली रचना) एवढेच असतील, किंवा आईला ते बघायला मिळालेले नसतील, तरी गोष्ट तिथे सोडता येत नाही. एकांत, भेटवस्तू, रात्रीचा संपर्क आणि मुलाचं बदललेलं वागणं, या चार गोष्टी एकत्र आल्या की त्यामागे काय आहे हे ठरवण्याचं काम कमिटीचं राहत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत. किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, बाल कल्याण समितीला कळवा. एवढंच सांगायचं, की अमुक वयाचा मुलगा, आईने अमुक सांगितलं, आम्हाला काळजी वाटते. पुढचा प्रश्न प्रशिक्षित माणूस विचारील.

आईला तेवढं नीट सांगा: मोबाईल जसा आहे तसा ठेवा, काही पुसू नका, सरांना परत करू नका, मेसेजचे फोटो कोणाला पाठवू नका. त्यात मुलाचं अश्लील चित्र असेल तर ते आपल्या फोनवर घेणं आणि पुढे पाठवणं हा आपलाच गुन्हा होऊ शकतो. मोबाईल सरळ पोलिसांच्या हाती द्यायचा. हे सांगायला खजिनदार न जाता तुम्ही जा, कारण खजिनदारांनी ऐकलेलं आतापर्यंत आणखी तीन घरांत पोचलं असण्याची शक्यता आहे. आई जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, त्याच दिवशी लिहून काढा आणि खाली तुमची सही करा.

मुलगा स्वतःहून तुमच्याशी बोलला तर? ऐका. ‘मग काय झालं?’, ‘अजून काही सांगायचं आहे?’ एवढे दोन प्रश्न पुरतात. ‘सरांनी तुला इथे हात लावला का?’ असा प्रश्न विचारलात की उत्तर तुम्ही तोंडात घातलंत. पुढे कोर्टात बचावाचा वकील नेमकं तेच दाखवील. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका, मूल तिथेच गप्प होतं. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ म्हणा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, कारण तुम्हाला ते पाळता येणार नाही. ‘जे मदत करू शकतात त्यांना सांगावं लागेल, ते कोण हेही तुला सांगीन’ म्हणा. मग एकदा लिहून घ्या आणि पुन्हा कुणालाही तेच विचारू देऊ नका. मुलाने जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा त्यात थोडा फरक पडतो, आणि तो फरक त्याच्याच विरोधात वापरला जातो.

पोलिसांची भीती आईला वाटणारच. तिला सांगा, की मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्या गणवेशात नसतात, आणि आई किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ बसतं. मुलाला रात्री पोलीस स्थानकात ठेवता येत नाही. पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला २४ तासांत कळवायचं असतं. तुम्ही तक्रार दिलीत की तिचा नोंद क्रमांक मागून घ्या. शारीरिक अत्याचार झाल्याचं कळलं आणि तो अलीकडचा असेल, तर मुलाला आंघोळ घालण्याआधी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा इस्पितळात न्या. त्या वेळचे कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरून खराब होतात. डॉक्टर ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं म्हणू शकत नाहीत.

सरांचं काय करायचं? आजपासून मुलांच्या कामापासून बाजूला. लेखी, दोन ओळींत: ‘एक बाब संबंधित यंत्रणेकडे दिली आहे, ती पूर्ण होईपर्यंत आपण वर्ग घेऊ नये, ही शिक्षा नव्हे.’ पोलिसांकडे गेला असाल तर हे पत्र कधी द्यायचं ते त्यांना विचारून ठरवा. राजीनामा घेऊन मोकळं होण्याचा मोह होईल, गावात तो फार सभ्य मार्ग वाटतो. त्याने एवढंच होतं की माणूस डिचोली किंवा केपे तालुक्यात दुसऱ्या भजनी मंडळाकडे जातो, तिथे ‘२० वर्षांचा अनुभव’ सांगतो आणि त्या मंडळाला काही कळत नाही. राजीनामा आला तरी कळवणं टळत नाही. चतुर्थीच्या कार्यक्रमपत्रिकेवर सरांचं नाव छापून झालं असेल तर असू द्या, पण त्या दिवशी पडद्यामागे मुलांजवळ त्यांनी असू नये.

मुलाचं नाव कुठेही नाही, ग्रुपवर तर नाहीच. वाडा, इयत्ता आणि ‘तबल्याच्या वर्गाचा मुलगा’ एवढं बोललात तरी नाव घेतल्यासारखंच आहे. पीडित मुलाची ओळख पटेल असं काही पसरवणं हाही कायद्याने गुन्हा आहे.

‘सर असे नाहीत, सगळं गाव त्यांना ओळखतं’ या वाक्याबद्दल थोडं. सर असतीलही निर्दोष. ते ठरवण्याचं काम आपलं नाही. पण गाव ओळखतं हा काही पुरावा नव्हे, आणि हे गोव्याला वेगळं सांगायला नको. मडगावात मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप झाली. त्याआधी लोक त्याला समाजसेवक म्हणूनच ओळखत होते. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस आधी मुलांचा नव्हे, मोठ्यांचा विश्वास मिळवतो. फुकट काम करतो, अडीअडचणीला धावतो, एकट्या आईला मदत करतो. त्यामुळे ‘कोण चांगला, कोण वाईट’ हे ओळखण्याच्या भरवशावर संस्था चालवू नका. सगळ्यांना सारखेच आणि पाळता येतील इतके साधे नियम लावा, म्हणजे कोणावर संशय घ्यावा लागत नाही आणि कोणाला राग येण्याचं कारण राहत नाही. नियम २० वर्षांपूर्वीच असता, तर आज सरांच्या बाजूनेही बोलायला काही तरी असतं.

आता ती १४ पानं. कपाटातच राहू द्या. मराठीत दोन पानं लिहा, आणि मुलांसाठी एक पान, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि कोंकणीत. तुमच्याकडे बांधकामावरच्या मजुरांची मुलं येत असतील तर कन्नड किंवा हिंदीतही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांवर दोन कामं टाकली आहेत: प्रत्येक माणसाची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी, आणि ठरावीक काळाने प्रशिक्षण. त्याच नियमांत राज्याने केलेलं बाल संरक्षण धोरण अशा सगळ्या संस्थांनी स्वीकारायचं, असंही आहे. म्हणजे देणगीदाराने मागितलं नसतं तरी हे करायचंच होतं.

दोन पानांत काय यावं, हे तुमच्या सभागृहातून ठरतं. एका संध्याकाळी ७ वाजता, पाऊस पडत असताना, लाईट जाण्याच्या वेळी, दोन मोठ्या मुलांना आणि दोन लहान मुलांना बरोबर घेऊन सभागृहाभोवती फिरा. त्यांना एवढंच विचारा, की इथे कुठली जागा आवडत नाही? मुलं पाच मिनिटांत दाखवतात: मागच्या संडासाची वाट, जिथला बल्ब वर्षभर गेलेला आहे, हार्मोनियम ठेवायची खोली, जिला आतून कडी आहे, बंद पडलेला मखराचा टेंपो, ज्याच्या आड कोणी दिसत नाही. बल्ब लावा. आतली कडी काढा, बाहेरून कुलूप ठेवा. तबल्याचा आवाज अभ्यासिकेला त्रास देतो म्हणून दार बंद ठेवत असाल, तर दाराला डोळ्यांच्या उंचीवर एक फूट काच बसवा, किंवा अभ्यासिकेची वेळ बदला. हा खर्च पॉलिसीच्या छपाईपेक्षा कमी येईल.

पहिला नियम: एक मोठं माणूस आणि एक मूल, बंद दाराआड, कधीच नाही. एकट्याचा सराव लागतोच, संगीतात तो टाळता येत नाही. मग दार उघडं, दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर, आणि पालकांना वेळ आधी कळवलेली. स्पर्शाचंही लिहून ठेवा, कारण तबला हात न लावता शिकवता येत नाही, असं सर म्हणतील आणि ते खरं आहे. शिकवणाऱ्याने मुलाच्या शेजारी बसायचं, मागून कवेत घेऊन नाही. आधी स्वतःच्या तबल्यावर बोट दाखवायचं. मग ‘बोट धरून दाखवू?’ असं विचारून मनगट आणि बोटं, एवढंच. मांडीवर, पाठीवर, गालावर हात नाही. शाबासकी तोंडाने. इतकं बारीक लिहिलेलं वाचून एखादे गुरुजी हसतील. हसू द्या, सही घ्या. नाट्यशिबिरात कपडे बदलण्याच्या खोलीत हाच प्रश्न येतो. तिथे मुलगे आणि मुली वेगळे, बाहेर दाराशी दोन मोठी माणसं, आत मोबाईल कोणाकडेच नाही. साडी नेसवायला किंवा धोतर बांधायला लागलंच, तर आतले कपडे मुलाने स्वतः घालून झाल्यावर.

दुसरा नियम शेवटच्या मुलासाठी. ज्या दिवशी पावसाने कदंबा बस उशिरा येते किंवा वडील कामावरून सुटत नाहीत, त्या दिवशी एक मूल उरतं आणि एक दयाळू माणूस ‘मी सोडतो’ म्हणतो. असे प्रसंग याच फटीतून घडतात. म्हणून शेवटचं मूल जाईपर्यंत दोघांनी थांबायचं, ही त्या दिवसाची पाळी आधीच फळ्यावर लिहिलेली असावी. २० मिनिटं झाली की पालकांना फोन, ४० मिनिटं झाली की पालकांनी आधी लिहून दिलेल्या दुसऱ्या माणसाला फोन. संस्थेच्या माणसाच्या दुचाकीवर एकटं मूल नाही. अगदी नाइलाज झाला तर पालकांची त्या दिवसाची परवानगी फोनवर घ्यायची, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ वहीत घालायची, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ती वही बघायची.

भजन स्पर्धेहून रात्री परतताना गाडीत दोन मोठी माणसं, त्यात मुली असतील तर एक बाई. थांब ठरलेले, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत दोघंही गाडीत. मुक्काम असेल तर मोठी माणसं आणि मुलं एका खोलीत झोपणार नाहीत. हॉटेलच्या बाबतीत तर गोवा बाल कायद्यातच आहे, की कुटुंब, नातेवाईक किंवा रक्ताच्या नात्याच्या माणसासोबत नोंद नसलेल्या मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही.

मोबाईलसाठी तीन ओळी पुरे. मुलाशी वैयक्तिक मेसेज नाही, पालकांचा ग्रुप करा आणि त्यात संस्थेची दोन माणसं ठेवा. रात्री ८ ते सकाळी ७ काही पाठवायचं नाही. भेटवस्तू एका मुलाला नाही. द्यायचीच तर संस्थेतर्फे, सगळ्यांना किंवा पालकांना सांगून. फोटोंसाठी पालकांची सही घ्या आणि फोटोखाली नाव, गाव, शाळा असं एकत्र लिहू नका. झरीवर किंवा नदीवर सहल गेली की ओल्या कपड्यांतल्या मुलांचे फोटो फेसबुकवर टाकायची हौस असते, ती बंद.

माणसं घेताना अर्ज भरून घ्या, ओळखीचा असला तरी. ओळखपत्र मूळ बघा. आधी जिथे मुलांबरोबर काम केलं त्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा आणि नेमकं विचारा, ‘यांच्याकडे तुम्ही पुन्हा मुलं सोपवाल का?’ माणसं पत्रात चांगलं लिहून देतात, पण या प्रश्नाला फोनवर क्षणभर थांबतात, ते थांबणं ऐका. पोलीस पडताळणी राहत्या भागातल्या पोलीस स्थानकातून. सावंतवाडीहून किंवा बेळगावहून आलेला असेल तर तिथलीही. हे सगळं स्वयंपाकी, चालक, वॉचमन, फोटोग्राफर आणि विश्वस्तांनाही लागू. मात्र पडताळणीचा कागद काय सांगतो ते लक्षात ठेवा: पोलिसांकडे नोंद असलेलं तेवढंच. ज्याच्याविरुद्ध कोणी कधी बोललंच नाही त्याचा कागद कोराच येतो. म्हणून पहिले ३ महिने नवीन माणूस मुलांबरोबर दुसऱ्याच्या नजरेखालीच.

किनाऱ्याकडून येणाऱ्या पाहुण्यांचंही लिहा. सुट्टीला आलेले परदेशी लोक, ‘दोन दिवस मुलांना इंग्रजी शिकवतो, थोडी मदतही करतो’ म्हणणारे भेटतात आणि आपल्याला नाही म्हणायला लाज वाटते. नाही म्हणा. मोठ्या मुदतीसाठी यायचं असेल तर त्यांनी आपल्या देशातला पोलीस दाखला आणावा आणि वरचे सगळे नियम पाळावेत. देणगी दिली म्हणून मुलांबरोबर एकांत किंवा फोटो मिळत नाही.

आता ज्या वहीवर सगळं उभं राहतं ती. पानांवर क्रमांक घातलेली एक बांधीव वही, कुलपात, दोनच माणसांकडे किल्ली. त्यात गुन्हे लिहायचे नाहीत, गुन्हा असेल तर पोलीस आहेतच. त्यात नियम मोडल्याच्या बारीकसारीक नोंदी: ‘१२ तारीख, सायं. ७.४०. वर्ग ७.१५ ला सुटला. हार्मोनियमची खोली, दार लोटलेलं, आत सर आणि एक मुलगा (वय १३). सर म्हणाले, स्पर्धेचा सराव. सरांना नियमाची आठवण दिली. नोंद: सही.’ यात ‘संशयास्पद’, ‘विचित्र’ असे शब्द नकोत, बघितलं तेवढंच. एक नोंद म्हणजे काहीच नाही, विसरणं सगळ्यांना होतं. पण दोन महिन्यांत एकाच नावाच्या चार नोंदी झाल्या, आणि त्यात मूलही तेच असेल, तर ते तुम्हाला दिसेल. आज तसं दिसत नाही, कारण एक गोष्ट खजिनदारांना माहीत आहे, दुसरी झाडूवाल्या मावशींना, तिसरी तबला ऐकत बसणाऱ्या आजोबांना, आणि तिघांनी ती एकमेकांना सांगितलेली नाही. मावशींना विचारून बघा.

ही वही सांभाळणारी दोन माणसं नेमा, एक बाई आणि एक पुरुष. अडचण अशी की आपल्या गावात प्रत्येकजण कुणाचा तरी भाचा किंवा विहीण असतो. म्हणून दोघांपैकी एक बाहेरच्या तालुक्यातला असू द्या. निवृत्त मुख्याध्यापिका, शाळेतले समुपदेशक, असं कोणी. त्यांचे फोन नंबर, १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे सभागृहाच्या आत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. खाली एक ओळ: ‘तक्रार या दोघांबद्दल किंवा अध्यक्षांबद्दल असेल तर सरळ १०९८.’ ही ओळ नसेल तर बाकीचा कागद फुकट आहे.

प्रशिक्षण वर्षातून दोनदा, प्रत्येकी दोन तास. भाषण ठेवू नका, प्रसंग ठेवा: ‘मूल म्हणतं, कोणाला सांगू नका. तुम्ही काय म्हणाल?’ प्रत्येकाने ते वाक्य मोठ्याने म्हणायचं. अध्यक्षांनीही. ‘अध्यक्षांच्या मेव्हण्याबद्दल तक्रार आली’ हा प्रसंग जरूर घ्या, बैठकीचा रंग बदलतो. मुलांना ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढंच शिकवून थांबू नका. ओळखीचा माणूस सुरुवातीला वाईट स्पर्श करत नाही, लाड करतो. म्हणून गुपितांबद्दल बोला: आईला सांगायचं नाही असं कोणी मोठं माणूस म्हणालं, तर ते गुपित पाळायचं नसतं. आणि हेही, की मूल गप्प राहिलं, मोबाईल घेतला, गेलं, तरी चूक त्याची नाही.

इतर पालकांना किती सांगायचं? नवे नियम आजपासून लागू आहेत आणि काळजी वाटली तर कुणाशी बोलायचं, एवढं सगळ्यांना. प्रकरणाबद्दल काही नाही. विचारलं तर ‘यंत्रणेकडे आहे, त्यावर आम्ही बोलू शकत नाही’ हेच उत्तर सगळ्यांनी द्यायचं. पोलिसांनी इतर मुलांशी बोलायचं ठरवलं तर त्या पालकांना ते कळवतील.

देणगीदार कंपनीला मात्र तुम्हीच कळवा, मुलाचं आणि सरांचं नाव न घालता: एक बाब आली, ती अमुक तारखेला यंत्रणेकडे दिली, अमुक बदल केले. बहुतेक संस्था हे लपवतात, कारण पैसे बंद होतील अशी भीती असते. जो देणगीदार कळवल्याबद्दल पैसे काढून घेतो त्याला पॉलिसी मागण्याचा अधिकार नाही, असं आमचं मत आहे, आणि तुम्ही ते आमच्या नावाने सांगू शकता. पुढच्या अर्जात बाल संरक्षणासाठी वेगळी रक्कम मागा: दारांच्या काचा, दिवे, पडताळणीचा खर्च, प्रशिक्षणाचे दोन दिवस, आणि रात्रीच्या परतीला दुसऱ्या मोठ्या माणसाचं मानधन. हौशी माणसांच्या जिवावर पाळी उभी केली की तिसऱ्या महिन्यात ती मोडते.